न खणलेली भिंत

बुधवारी सकाळी सहाला लिओ तुस्कानो उत्खननाच्या खड्ड्यात उतरला आणि त्याने मातीच्या भिंतीसमोर खुर्ची मांडली. खुर्ची प्लास्टिकची, एका पायाला तार गुंडाळलेली. जानेवारीचं धुकं इतकं दाट होतं, की दहा पावलांवरची ढकलगाडी दिसत नव्हती. त्याने शेजारी पाण्याची बाटली ठेवली, फवारणीचा पंप ठेवला, डबा ऊन येणार नाही अशा कोपऱ्यात सरकवला आणि हेल्मेटचा पट्टा नीट लावून तो बसला. हलिमा मॅडम शुक्रवारी येणार होत्या. तोवर ही भिंत पडू द्यायची नाही, हे एकच काम त्याने स्वतःला नेमून दिलं होतं. बस म्हणून त्याला कोणी सांगितलं नव्हतं. ऊठ म्हणणारे मात्र पुष्कळ निघणार होते, आणि ते त्याला ठाऊक होतं.

ही जागा आखातातली, लिओ राहायचा त्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर, वाळूच्या टेकड्या संपून खडकाळ सपाटी सुरू होते तिथे. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी तिथे वस्ती होती. नवा रस्ता तिच्यावरून जाणार, म्हणून सरकारी खात्याने आधी ती खणून, नोंदवून घ्यायचं ठरवलं. अशा खणण्याची एक रीत असते. पाच मीटरचे चौकोनी खड्डे घ्यायचे आणि दोन खड्ड्यांच्या मध्ये मीटरभर जाडीची माती मुद्दाम सोडायची. खड्डे खोल जातात तशी ती माती भिंतीसारखी उभी राहते आणि तिच्या अंगावर थर दिसू लागतात. वरचा अलीकडचा, खालचा जुना. खापरं, मणी, हाडं सगळी पिशव्यांत भरून जातात. ती कोणत्या काळातली हे सांगणारी साक्षीदार म्हणून एवढी भिंतच जागेवर उरते. तिचं मोजमाप घेऊन कागदावर चित्र उतरवल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. तिच्यावर पायसुद्धा ठेवायचा नाही, कडा ढासळते. इंग्रजीत तिला बॉक म्हणतात.

लिओला हा शब्द त्या आधीपासून ओळखीचा होता. वसईजवळच्या भुईगावातून, कॉमर्सची दोन वर्षं करून, तो एक्क्याण्णव साली शारजात उतरला तो एका लाकडाच्या वखारीत कारकून म्हणून. जहाजातून येणारे चौकोनी तासलेले जाडजूड ओंडके उतरले, की वहीत लिहायचं, बॉक इतके नग. त्या ओंडक्यांवर बसून त्याने दुपारचे डबे खाल्ले, सुझीला पत्रं लिहिली. पुढे लग्न झालं, सुझी एका हॉटेलात हाउसकीपिंगला लागली आणि सुट्टीच्या दिवशी चर्च झाल्यावर ऊद मेथा भागातल्या एका क्लबात तो स्नूकर खेळायला जाऊ लागला. तिथे टेबलावर आडवी आखलेली रेघ होती, तिचं नाव बॉक. पांढरा चेंडू हाताने ठेवायचा झाला, तर त्या रेघेच्या मागे, पुढे नाही. लाकडाचा ओंडका आणि टेबलावरची रेघ यांचा संबंध काय, हे त्याला तेव्हा पडलेलं कोडं नव्हतं. इंग्रजीत असतं असं, म्हणून तो मोकळा झाला.

वखार बंद पडली. माणसं पुरवणाऱ्या एका कंपनीने त्याला स्टोअरकीपर म्हणून घेतलं आणि दोन हजार नऊ साली एका उत्खननावर पाठवलं. तिथल्या पहिल्याच हंगामात लिओने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली, आणि ती केली टापटीपीच्या पायी.

कोणीतरी मोठे पाहुणे यायचे होते. उत्खननाचे प्रमुख असलेले प्रोफेसर त्यांना आणायला विमानतळावर गेले होते. लिओला वाटलं, जागा जरा नीटनेटकी दिसावी. सगळे खड्डे साफ, पण मधेमधे ह्या ओबडधोबड भिंती उभ्या. त्याने मजुरांना हाताशी धरून मधली भिंत कापून काढली, तळ झाडून घेतला, कडेला चुना टाकला. दोन खड्ड्यांचा एक लांबरुंद, देखणा खड्डा झाला. प्रोफेसर आले, पाहुण्यांना त्यांनी सगळं दाखवलं, चहा पाजला, निरोप दिला. मग एक बादली उपडी घालून ते त्या स्वच्छ खड्ड्याच्या काठावर बसले आणि दुपारभर बसून राहिले. लिओला एका शब्दाने बोलले नाहीत. संध्याकाळी उठताना फक्त म्हणाले, की सहा आठवड्यांचं काम आता पिशव्यांत भरलेली माती आहे.

शिव्या दिल्या असत्या तर लिओ विसरला असता. ती बादली तो विसरला नाही. त्यानंतरच्या सोळा वर्षांत त्याने पाच उत्खननांवर स्टोअर सांभाळलं, आणि प्रत्येक ठिकाणी नव्या मजुराला फावडं देण्याआधी तो भिंतीपाशी नेऊन उभा करायचा. सुझी म्हणायची, घरात फुलदाणी सरकवली तरी हा माणूस विचारतो, मोजलीस का?

हलिमा मॅडम या जागेच्या प्रमुख. वय पस्तिशीचं, पायघोळ काळ्या अबायाखाली जाड तळाचे बूट, आणि बोलणं मोजकं. पण चहाच्या वेळी त्यांना शब्दांच्या गोष्टी सांगायला आवडत. लिओने एकदा ओंडका आणि स्नूकरची रेघ सांगितली, तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, अजून आहेत. त्यांच्या भावाकडे शर्यतीची घोडी होती. वाळवंटात शंभर किलोमीटर धावायची, पण पाण्याचा ओहोळ आला की चारी पाय रोवून उभी. इंग्रज त्यालाही बॉकच म्हणतात. लिओने सांगितलं, आमच्याकडे त्याला अडेलतट्टू म्हणतात, आणि माझी बायको हा शब्द आठवड्यातून दोनदा वापरते, घोड्यासाठी नव्हे. मॅडमना त्याचं हसू आवरेना. मग त्या म्हणाल्या, भाऊ म्हणतो घोडी भित्री आहे. पण ती भीत नाही, तिला पटत नाही.

सगळ्यांत जुना अर्थही त्यांनीच सांगितला. हजार वर्षांपूर्वी इंग्रज शेतकरी नांगरताना दोन पट्ट्यांच्या मध्ये जी माती न नांगरता सोडायचा, ती बॉक. तिथून तो शब्द आडव्या तुळईकडे गेला, अडथळ्याकडे गेला, अडून बसण्याकडे गेला. लिओ चहा संपवून म्हणाला, म्हणजे बांध. मॅडमनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला.

हे सगळं डिसेंबरातलं. या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी, हलिमा मॅडमचे वडील गेले.

त्या वेळेपर्यंत बाकीची सगळी जागा रस्तेवाल्यांच्या ताब्यात गेली होती. उरले होते दोन खड्डे आणि त्यांच्यामधली एक भिंत. तिची पश्चिमेची बाजू कागदावर उतरली होती, पूर्वेची राहिली होती. मंगळवारी मॅडम ती काढणार आणि बुधवारी दुपारी बाराला ताबा द्यायचा असं ठरलं होतं. आता त्या शुक्रवारी येणार. हे काम करू शकणारा त्यांचा सहकारी परदेशी गेलेला. लिओने खात्यात फोन केला, तर तिथल्या कारकुनाने सहानुभूतीने सांगितलं की मॅडम तीन दिवस रजेवर आहेत, इन्शाल्ला शुक्रवारी बघू. रस्तेवाल्यांना ताब्याची तारीख पुढे गेल्याचं पत्र कोण देणार, या प्रश्नावर तो म्हणाला, की ते मॅडमच देतील.

मंगळवारी काम संपल्यावर लिओ कारपूलच्या गाडीत न बसता सांत्वनाला गेला. घरासमोर मोठा तंबू, खाली गालिचे, पुरुषांच्या ओळी. मॅडम आत बायकांमध्ये असणार, त्या दिसायचा प्रश्नच नव्हता. भावाने हात हातात घेतला, कुणीतरी बिनदुधाच्या कडू कॉफीचा छोटा कप पुढे केला, आणि लिओ पंधरा मिनिटं गप्प बसून आला. तीन दिवस त्या घरात ये-जा करणाऱ्यांनी गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं, दुसरं काही नाही, हा तिथला रिवाज. परतीच्या टॅक्सीत त्याने मनाशी ठरवून टाकलं, की काही झालं तरी मॅडमना फोन करायचा नाही. फोन केला असता तर त्या दुःखात त्या पटकन म्हणाल्या असत्या, जाऊ दे, खलास. आणि मग आयुष्यभर बादलीवर बसल्या असत्या.

घरी सुझीला त्याने सांगितलं, उद्यापासून डबा मोठा दे. तिने कारण विचारलं, त्याने सांगितलं. ती बराच वेळ बांगड्याच्या तुकड्यांना मसाला चोळत राहिली आणि मग म्हणाली, "अडेलतट्टू." पण डबा तिने तीन पुडांचा भरला. शिकागोत असलेल्या लॅरिसाला तिने व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं, तेव्हा मुलीने इंग्रजीत एवढंच म्हटलं, "डॅड, इट्स जस्ट मड." लिओ म्हणाला, सगळंच मड असतं बाळा, आपण पण.

तर बुधवारी तो खुर्ची टाकून बसला. आठच्या सुमाराला धुकं वितळलं आणि रस्तेवाल्यांचा साइट इंजिनिअर नीलेश जगदाळे आला. हा सासवडकडचा, पस्तिशीचा, कामाला चोख. मराठी माणूस म्हणून लिओवर त्याचा जीव होता; दिवाळीचा फराळ त्याने न चुकता आणून दिला होता. त्याने वरूनच हाक मारली, लिओकाका, आज काय पिकनिक का? लिओने उभं राहून सांगितलं, पूर्वेची बाजू काढायची राहिली आहे, मॅडम शुक्रवारी येतील, ती काढून झाली की ताब्याच्या कागदावर सही करतो.

नीलेशने आधी समजुतीने घेतलं. पावसाच्या पाण्याचा नळ नेमका इथून जायचा होता, क्रेन भाड्याने आलेली, माणसं उभी. भिंतीचे फोटो काढू, ड्रोन आणू, पाहिजे तर थ्रीडी स्कॅन करू. लिओने सांगितलं, फोटो आम्हीही काढले आहेत. पण एक थर कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे फोटोला कळत नाही, ते माती तासायच्या करणीच्या टोकाला कळतं, आणि ते टोक धरणारा हात मॅडमचा आहे. मग नीलेश म्हणाला, बरं, फोन करून त्यांची परवानगी घ्या. लिओ म्हणाला, वडील जाऊन दोन दिवस झाले आहेत त्यांचे. मी करणार नाही आणि तुम्हीही करू नका.

बारा वाजता नीलेश कागद घेऊन खाली उतरला. ताबा दिल्याचा कागद. खाली लिहिलेलं होतं, नोंदीचं काम पूर्ण झालं आहे, आणि त्याखाली जागा सांभाळणाऱ्याच्या सहीसाठी रेघ.

"मिस्टर लिओ, एक सही आहे फक्त," तो म्हणाला. काकाचा मिस्टर झाला होता.

"काम पूर्ण झालेलं नाही. झालं नाही त्याला झालं कसं लिहू?"

"तुमची माझी ओळख आहे म्हणून तासभर बोलतोय. मशीनला सही लागत नाही."

लिओने कागद नीट घडी करून परत दिला आणि खुर्ची भिंतीच्या दिशेने वीतभर मागे सरकवली. दोन फूट मोकळे ठेवले, टेकला नाही.

नीलेशने उमरला बोलावलं. उमर पेशावरकडचा, खोदकामाचं मशीन, एक्स्कॅव्हेटर, चालवायचा. पुढच्या हाताच्या बादलीसकट ते धूड खड्ड्याच्या काठाशी येऊन थांबलं आणि त्याची सावली लिओच्या गुडघ्यावर पडली. लिओने हेल्मेटचा पट्टा पुन्हा चाचपला. भीती वाटली नाही असं नाही. वखारीत असताना ओंडका घसरून एका माणसाचा पाय गेलेला त्याने पाहिला होता, आणि इथे तर लोखंड होतं. पण उठायचं मनात आलं नाही. उमरने खाली वाकून पाहिलं, इंजिन बंद केलं आणि चावी काढून शर्टाच्या खिशात टाकली.

नीलेशने विचारलं, काय झालं.

"साब, घेरे में आदमी है," उमर म्हणाला. "चाबी निकालना आप ही ने सिखाया."

खरंच होतं ते. दर सोमवारी सकाळी सगळ्यांना रांगेत उभं करून सुरक्षेचा पाठ नीलेशच द्यायचा. मशीनच्या घेऱ्यात माणूस असेल तर चावी काढायची, मग तो माणूस कोणी का असेना, हे वाक्य त्याचंच.  गाडीत जाऊन त्याने लिओच्या कंपनीला फोन लावला.

तासाभराने फिरदोसभाईंचा फोन आला. कंपनीच्या ऑफिसातली व्हिसाची सगळी कामं हेच गृहस्थ बघत, आणि लिओच्या शेवटच्या नूतनीकरणाचे कागद त्यांच्याच टेबलावर होते. चौदा महिन्यांवर निवृत्ती. त्याआधी व्हिसा नाकारला तर सुझीची नोकरी अर्धवट सोडून दोघांना भुईगावला जावं लागणार, हे लिओला माहीत होतं आणि फिरदोसभाईंनाही. फिरदोसभाई हैदराबादी गोडव्याने बोलले. या वयात कसली मस्ती, आपला करार रस्तेवाल्यांशी आहे, मातीसाठी कंपनी बुडवू नका, यल्ला, चला, उठा आणि घरी जाऊन झोपा. लिओने सगळं ऐकून घेतलं. मग तो हिंदीतच म्हणाला, "फिरदोसभाई, लिख के भेजो. मेल देखते ही उठ जाऊंगा."

 सरकारी उत्खननाची राखण सोडून या, असं कंपनीच्या नावाने लिहून द्यायला कोणाचा हात उठणार? फिरदोसभाई म्हणाले, बघतो. बुधवारी मेल आला नाही.

दुपारी लिओने डबा खाल्ला, एक पूड उमरला दिलं. माती सुकून भेगा पडू नयेत म्हणून दर दोन तासांनी भिंतीवर बारीक पाणी फवारायचं असतं. चार वाजता ऊन कलतं झालं आणि त्याने पंप मारला, तेव्हा त्याला ते पहिल्यांदा दिसलं. ओल्या मातीत रंग उठतात. कमरेच्या उंचीवर, राखेच्या काळ्या पट्टीखाली, एक उंचवटा होता. पालथ्या ताटासारखा नव्हे, जरा उभट, माथ्याला चपटा. त्याच्या एका अंगाला गाळाच्या बारीक रेषा एकावर एक बसलेल्या, दुसरं अंग कोरडं, भुसभुशीत. आणि उंचवट्याच्या पोटात तीन वेगळ्या ओंजळी दिसाव्यात तसे तीन थर.

लिओ खुर्ची भिंतीकडे वळवून बघत राहिला. भुईगावात त्यांची भाजीची वाडी होती. दर वर्षी पाट सोडायच्या आधी वडील वाफ्यांचे बांध लिंपायचे. ओला चिखल हाताने थापायचे, तो आटला की दुसरा, मग तिसरा, आणि माथा पायाने दाबून चपटा करायचे. पाणी ज्या अंगाला तुंबतं तिथे गाळ बसतो. लहानपणी त्याने कितीतरी बांध कुदळीच्या घावाने आडवे फुटलेले पाहिले होते. आतून ते असेच दिसायचे. पश्चिमेच्या बाजूला हा उंचवटा नव्हता. बांध तिरका जाऊन मधेच संपला असणार. म्हणजे तो आता फक्त या एका अंगावर उरला होता.

सूर्य मावळायला आला तरी तो जागचा हलला नाही. अंधार पडल्यावर मशीन चालवायचा परवाना रस्तेवाल्यांकडे नव्हता, त्यामुळे रात्रीची काळजी नव्हती. तो घरी गेला, जेवला, झोपला आणि गुरुवारी सहाला परत येऊन बसला.

गुरुवारी नीलेश आला तो न झोपलेल्या माणसासारखा. त्याला वरून बोलणी बसली होती. काठावर उभा राहून तो म्हणाला, की आज साहेब स्वतः येणार आहेत, पोलीस बोलावतील, मला काही करता येणार नाही.

लिओने विचारलं, "नीलेशराव, तुमच्या वडिलांचा तो बांधाचा दावा किती वर्षं चाललाय?"

ही गोष्ट नीलेशनेच सांगितलेली होती. नाताळात त्याने रजा घेतली ती सुट्टीसाठी नव्हे, सासवडच्या कोर्टात तारीख होती म्हणून. शेजाऱ्याने दर वर्षी नांगराचं एक एक तास आत घेत बांध कोरून नेला होता.

"एकोणीस वर्षं. त्याचं इथे काय?"

"किती जागेसाठी?"

"दीड फूट." नीलेशच्या तोंडून ते सवयीने निघालं आणि तो लगेच म्हणाला, "दीड फुटाचा प्रश्न नाहीये तो, काका. बांध आहे तो."

"तेच म्हणतो मी. खाली या. हेल्मेट घालून या."

नीलेश खाली उतरला. लिओने पंप दोनदा मारला आणि बोट न लावता, दुरूनच, काय ते दाखवलं. काही सांगितलं नाही. नीलेश वाकला, गुडघ्यावर बसला. गाळाच्या रेषा त्याने बोट हवेत धरून मोजल्या. मग उंचवट्याच्या माथ्याकडे बघून म्हणाला, "पायाने दाबलाय."

"हो."

"पाणी ह्या अंगाने होतं." त्याने मान वर केली. "वाळवंटात कोण शेती करत होतं?"

"ते मॅडम सांगतील. त्या येईपर्यंत तुम्ही हा कोरणार, की राहू द्यायचा?"

नीलेश वर गेला. वीस मिनिटं तो गाडीशी फोनवर बोलत उभा होता; लिओला शब्द ऐकू येत नव्हते, फक्त त्याचा मोकळा हात वरखाली होताना दिसत होता. मग तो उमरकडे गेला आणि मशीन नळाच्या दुसऱ्या टोकाला न्यायला सांगितलं. तिकडून काम सुरू केलं तर दोन दिवस निघतील, असं साहेबांना पटवलं म्हणाला. पटलं नव्हतं, पण त्याने केलं होतं. लिओला त्याने काठावरूनच सांगितलं, "शुक्रवार, सकाळी दहा. दहा वाजून एक मिनिट नाही. आणि एक सांगतो. तुमच्या ऑफिसला मी काल जे कळवलं ते आता मला परत घेता येत नाही."

लिओ म्हणाला, तुम्ही तुमचं काम केलं.

शुक्रवारी सातच्या आधी हलिमा मॅडमची गाडी आली. डोळे सुजलेले, हातात आलेखाच्या कागदाची फळी. लिओने उभं राहून दोन शब्द सांत्वनाचे सांगितले. त्यांनी मान हलवली. खुर्चीच्या चार पायांनी मातीत पाडलेल्या खोल खळग्यांकडे त्यांचं लक्ष गेलं. मग शेजारी फळीवर नीट लिहून ठेवलेल्या पाणी मारल्याच्या वेळा त्यांनी वाचल्या, बुधवारपासूनच्या.  दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि म्हणाल्या, चला.

पावणेतीन तास काम चाललं. लिओ टेप धरून आकडे वाचत होता, त्या टिंबं मांडत होत्या. उंचवट्याशी आल्यावर लिओ पहिल्यांदाच मधे बोलला. त्याने भुईगावची वाडी सांगितली, तीन थरांचा चिखल सांगितला, गाळ कोणत्या अंगाला बसतो ते सांगितलं. मॅडमनी करणीचं टोक त्या रेषेवरून हळूच फिरवलं, एकदा, दोनदा. टोक एका जागी अडखळलं, तिथे त्यांनी खूण केली. मातीच्या तीन छोट्या पिशव्या भरल्या, बी-बियाणं सापडतंय का बघायला. मग नोंदीच्या रकान्यात त्या थराला आकडा दिला आणि त्यापुढे इंग्रजीत तो जुना शब्द लिहिला, शेतातल्या अर्थाने. त्याखाली रोमन लिपीत लिहिलं, बांध. आणि कंसात लिओची आद्याक्षरं.

दहाला आठ मिनिटं कमी असताना लिओने नीलेशकडून ताब्याचा कागद मागून घेतला, वाचला, सही केली आणि सहीखाली वेळ टाकली. मग त्याने कुदळ उचलली. नीलेश म्हणाला, राहू द्या काका, मशीन आहे. लिओ म्हणाला, पहिला घाव मला घालू द्या. भिंत ज्याने राखली त्यानेच ती सोडावी, असं काहीसं त्याच्या मनात होतं, पण ते तो बोलला नाही. त्याने माथ्यावरून एक ढेप पाडली आणि बाजूला झाला. उमरने पाच मिनिटांत बाकीचं आटोपलं. दहा वाजता तिथे सपाट जागा होती.

शनिवार-रविवार गेले. सोमवारी सकाळी लिओ स्टोअरच्या पत्र्याच्या खोलीत उरलेल्या करण्या मोजत बसला होता, तेव्हा फोनवर मेल आला. फिरदोसभाईंचा, कंपनीच्या शिक्क्याने. लिओ तुस्कानो यांची बदली खलिफा सिटीतल्या व्हिलांच्या दुरुस्तीच्या स्टोअरमध्ये करण्यात येत आहे, उद्यापासून. रोज जाऊन-येऊन अडीच तास. व्हिसाबद्दल एक ओळ होती, की नूतनीकरण विचाराधीन आहे. खालीवर दोनदा वाचूनही, टांगून ठेवलं आहे याशिवाय तिचा दुसरा अर्थ निघत नव्हता.

त्याने सुझीला फोन केला. ती हॉटेलात कामावर होती, मागे व्हॅक्यूमचा आवाज येत होता. बदली ऐकून ती म्हणाली, खलिफा सिटीला डबा गरम राहणार नाही, थर्मास घ्यावा लागेल. मग आवाज खाली करून विचारलं, "भिंतीचं काम झालं ना पण पूर्ण?"

"झालं."

"मग झालं तर. व्हिसाचं बघू."

लिओने करण्यांची मोजणी पुरी केली. चौदा होत्या, वहीत चौदाच निघाल्या. त्याने तारीख घातली, वही मिटली, किल्ली खिळ्याला लावली. मेल एकदा परत उघडून पाहिला. मागितला होता तसा, लेखी आला होता. तो उठला.